लावून बघायचं राहिलं

मास्तरांना टेप लागत नाही, ही त्यांची ओळख होती. गिऱ्हाईक दुकानाच्या दोन पायऱ्या चढून आत येईपर्यंत त्याची छाती, कंबर, बाही आणि कुठला खांदा उतरलेला आहे, हे सगळं मास्तरांच्या डोक्यात लिहून झालेलं असायचं. कुणी पोट आत ओढून उभा राहिला तर ते म्हणायचे, "सोडा आता श्वास. पँट तुम्हाला घालायची आहे, मला नाही." लोक हसायचे, आणि कपडे खरोखरच अंगावर नीट बसायचे. वडीलही शिंपीच होते, पण ही नजर त्यांच्याकडेही नव्हती. मास्तरांना तिचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच होता.

गेली बारा वर्षं मात्र ते टेप वापरत होते. प्रत्येक माप दोनदा घ्यायचे, तोंडाने पुटपुटायचे, वहीत टिपायचे. लोकांना वाटे, वय झालं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मास्तरांनी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

आणि ह्याच बारा वर्षांत ते धाकट्या भावाशी अवाक्षर बोलले नव्हते. आता बोलायचं मनात आणलं तरी सोय उरली नव्हती, कारण धाकट्याला जाऊन आठ आठवडे झाले होते. जेवून उठला, हात धुतले आणि तिथेच खाली बसला, एवढंच. मास्तर शेवटच्या निरोपाला गेले, सगळ्यांच्या मागे एका झाडाखाली उभे राहिले आणि माणसं पांगायच्या आत घरी परत आले. बायकोने विचारलं, "बोललात का कुणाशी?"

"कुणाशी बोलायचं? ज्याच्याशी बोलायचं तो..." मास्तरांनी वाक्य तिथेच सोडलं आणि दुकान उघडायला निघून गेले.

फोन आला तो धाकट्याच्या बायकोचा. मास्तर कोटाच्या अस्तराला टाचण्या लावत होते, त्यामुळे पहिली दोन वाक्यं त्यांनी ओठात टाचण्या धरूनच ऐकली.

"भाऊजी, एक काम होतं. यांची गाडी विकली. घेणाऱ्याने गाडी नेली, आणि गॅरेजमध्ये टायरसकट चार चाकं होती, तीही नेली. आज परत आणून टाकली. म्हणतो, ही ह्या गाडीला लागतच नाहीत."

"मग?"

"मी लेकीकडे राहायला चालले आहे, घर रिकामं करायचं आहे. मला वाटलं, तुमच्या गाडीला लागतात का बघा. दोघांची गाडी एकच ना."

मास्तरांनी टाचण्या तोंडातून काढल्या आणि एकेक करून गादीत खोचल्या. दोघांची गाडी एकच. ह्या तीन शब्दांपायीच तर सगळं झालं होतं.

मास्तरांनी गाडी घेतली, त्यानंतर आठ महिन्यांनी धाकट्यानेही तश्शीच घेतली होती. तीच कंपनी, तेच मॉडेल, रंगसुद्धा तोच करडा. मास्तर त्याला नक्कलखोर म्हणाले आणि मनातून खूश झाले. दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या की कुठली कुणाची ते नंबर वाचल्याशिवाय कळायचं नाही. मधल्या आठ महिन्यांत कंपनीने चाकाची बैठक बदलली होती, ही गोष्ट कुणाच्या गावीही नव्हती. चार बोल्ट आधीही होते, नंतरही चारच राहिले. फक्त समोरासमोरच्या दोन बोल्टांमधलं अंतर आठ मिलिमीटरने वाढलं होतं. आठ मिलिमीटर म्हणजे किती, तर अर्धं बोट. एकमेकांची चाकं लावून बघायची वेळ दोघा भावांवर कधी आलीच नव्हती.

ती वेळ आली आई गेली त्या दिवशी. आई तेव्हा बहिणीकडे होती, चार तासांच्या वाटेवर. धाकटा आदल्या दिवशीच बसने तिच्याकडे पोचला होता. सकाळी निरोप आला, लगेच निघा. मास्तरांची स्टेपनी महिनाभर पंक्चर पडून होती. आज टाकू, उद्या टाकू करत राहिली होती. म्हणून ते धाकट्याच्या घरी गेले, त्याच्या गाडीतली स्टेपनी आपल्या डिकीत घातली आणि निघाले. वाटेत निम्म्यावर टायर बसलं. उन्हात गाडी जॅकवर चढवली, स्टेपनी लावायला घेतली, तर एक बोल्ट भोकात शिरला की समोरचा कडेला अडायचा. तो शिरवावा तर पहिला बाहेर. मास्तरांनी लाथा मारल्या, शिव्या दिल्या, शेवटी रस्त्यावर बसकण मारली. कुणीतरी मदतीला थांबून, पंक्चर काढून, ते बहिणीच्या दारात पोचले तेव्हा चार वाजले होते. आई पावणेतीनला गेली होती. जाईपर्यंत विचारत होती, मोठा पोचला का.

आणि तिथे, भरल्या घरात, आईच्या उशाशी बसलेल्या धाकट्याला मास्तर म्हणाले, "तुला ठाऊक होतं ते चाक लागत नाही म्हणून. शेवटच्या घटकेला आई तुला एकट्याला हवी होती."

धाकटा उठला आणि बाहेर गेला. मास्तरांनी त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला.

आता, आठ आठवड्यांपूर्वी गेलेल्या त्या माणसाच्या गॅरेजमध्ये चार चाकं निघाली होती, आणि ती त्याच्या स्वतःच्या गाडीला लागत नव्हती. मग ती कुणाच्या गाडीला लागत होती? मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. ती चाकं आपल्या गाडीला बसली, तर धाकट्याला दोन्ही मापं माहीत होती. आणि माहीत असतील, तर मास्तरांची ही बारा वर्षं बरोबर होती. माहीत नसतील, तर... हे 'नसतील तर' मास्तरांनी बारा वर्षांत एकदाही पुरं केलं नव्हतं. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे म्हणून त्यांनी हातातला कोट बाजूला ठेवला. कपाटाच्या खालच्या खणातून एक घडी घातलेला खाकी कागद काढला. त्या प्रवासाहून आल्यावर त्यांनी आपल्या चाकाची पेपर कटिंग करून ठेवली होती, चार भोकं आणि मधलं मोठं भोक, कात्रीने स्वच्छ कापलेली. कुणाला दाखवायला ठेवली होती कोण जाणे. पण पुराव्यासारखी जपली होती.

धाकट्याच्या घरी खोक्यांचा ढीग लागला होता. त्याची बायको पूर्वी अंगाने भरलेली होती. आता ड्रेस तिच्या खांद्यावरून दोन्हीकडे उतरत होता. खांदे प्रत्येकी पाऊण इंच आत घ्यायला हवेत, मास्तरांच्या मनात आलं, आणि असल्या वेळी असलं सुचावं म्हणून त्यांना स्वतःची शरम वाटली.

"चहा टाकू?" तिने विचारलं.

"आधी चाकं बघू."

गॅरेज रिकामं होतं. जिथे गाडी उभी राहायची तिथे तेलाचा एक काळा डाग आणि भिंतीशी एक फळी, फळीवर चार चाकं, वर जुनी चादर. मास्तरांनी चादर काढली. चाकं कुणाच्या तरी जुन्या गाडीची होती हे रिमच्या कडेला पडलेल्या खळ्यांवरून कळत होतं, पण धाकट्याने ती घासून वर चंदेरी रंग दिला होता. ब्रशचे फटकारे सगळे एकाच दिशेने. लहानपणी घरची खिडकी रंगवायला दिली तेव्हाही तो असाच, एकाच दिशेने, जीभ बाहेर काढून रंगवायचा. मास्तरांनी नजर दुसरीकडे वळवली.

मग त्यांनी कागद उलगडला आणि पहिल्या चाकावर ठेवला. आता नजरेवर काही सोडायचं नव्हतं. चारही भोकांमधून खालची भोकं दिसत होती, कुठे कड अडकत नव्हती. मधलं भोकही तेवढंच, केसाचाही फरक नाही. त्यांनी टेप लावली, दोनदा लावली. टायरच्या कुशीवर उठावात छापलेले आकडे वाचले: रुंदी, उंची, रिमचं माप. खिशातल्या चिठ्ठीवर स्वतःच्या गाडीचे आकडे होते, तेच. चाक पालथं घातलं, मागच्या कडांवर आडवी पट्टी ठेवली आणि चाकाची बैठक किती खोल आहे ते मोजलं. चाक नको इतकं आत गेलं तर आतल्या लोखंडाला घासतं, बाहेर आलं तर पत्र्याला. तेही माप जुळलं.

"लागतं का?" ती दारात उभी होती.

"कागदावर सगळंच लागतं. लावून बघतो."

आणि ते शब्द तोंडातून जाताच ते थबकले. हे वाक्य कुणीतरी आपल्याला म्हटलेलं आहे असं त्यांना वाटलं, पण कुणी आणि केव्हा ते आठवेना.

गल्लीत आपली गाडी जॅकवर घेऊन त्यांनी पुढचं डावं चाक काढलं. त्याचं टायर गुळगुळीत झालं होतं; बायको दोन महिने कटकट करत होती. धाकट्याचं चाक उचलून बोल्टांसमोर धरलं आणि ते सहज आत सरकलं, नीट कापलेली बाही खांद्याला बसते तसं. जोर म्हणून लावावा लागला नाही. नट बोटांनीच फिरत गेले. त्यांनी हाताने चाक फिरवलं, डोलत नव्हतं. स्टिअरिंग शेवटपर्यंत डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, खाली वाकून ऐकलं. कुठे घासत नव्हतं. पान्याने नट आवळताना त्यांच्या लक्षात आलं, नटाच्या जागी चंदेरी रंगावर पहिला ओरखडा आपण आत्ता पाडला. टायरवर रबराचे बारीक केससुद्धा अजून तसेच होते, दुकानातून आणलेल्या कोऱ्या टायरवर असतात तसे. हे चाक रंगवल्यापासून कुठल्याही गाडीला लागलेलं नव्हतं.

मास्तरांच्या डोक्यात तिडीक गेली. हातातला पाना त्यांनी रस्त्यावर टाकला. "म्हणजे त्याला माझं माप ठाऊक होतं! मिलिमीटरपर्यंत ठाऊक होतं! आणि मी बारा वर्षं हेच सांगतोय तर सगळे मलाच..."

"हळू बोला," ती म्हणाली. "मेलेल्या माणसाला ऐकू जात नाही आणि शेजाऱ्यांना जातं."

ती आत गेली. खोक्यांची सरकासरक ऐकू आली. परत आली तेव्हा तिच्या हातात पुठ्ठ्याची एक फाइल होती आणि फाइलमध्ये वर्तमानपत्राचा एक पिवळा पडलेला कागद.

कागद चाकाएवढा गोल कापलेला होता. चार भोकं, मध्ये मोठं भोक. भोकांभोवती बोल्टांच्या ग्रीसचे काळे डाग. शिंप्याचेच मुलगे दोघेही. वडिलांनी दोघांनाही जुन्या वर्तमानपत्रावर कटिंग शिकवली होती. कागदाच्या कडेला धाकट्याच्या किरट्या अक्षरात लिहिलं होतं, 'दादाची गाडी. १००.' आणि खाली, 'माझी १०८.' १०८च्या खाली दोन रेघा ओढलेल्या होत्या, पेन्सिल मोडेपर्यंत ओढलेल्या.

"वरची तारीख वाचा," ती म्हणाली.

तारीख आई गेली त्या दिवसाची होती.

मास्तरांना क्षणभर अर्थच लागेना. मग लागला. त्या दिवशी त्यांची गाडी बहिणीच्या दारात चार वाजता पोचली. म्हणजे हे माप चारनंतर घेतलेलं होतं. आई गेल्यानंतर. आणि आपण ते शब्द बोलल्यानंतर.

"तुम्ही बोललात आणि हे बाहेर गेले ना," ती सांगत होती, "सगळ्यांना वाटलं रडायला गेले. हे तुमच्या गाडीपाशी. आधी तुमच्या गाडीचं चाक काढलं आणि कागद दाबून बोल्टांचे ठसे घेतले. मग डिकीतून आपली स्टेपनी काढून तिच्यावर कागद ठेवला. घरी आले ते हा कागद माझ्यासमोर धरून म्हणाले, 'अगं, खरंच लागत नव्हतं. दादा खोटं बोलत नव्हता.' तेवढंच. तुम्ही त्यांना काय म्हणालात ते मला दुसऱ्यांकडून कळलं."

'नसतील तर' हे इतकी वर्षं अर्धवट ठेवलेलं वाक्य आता आपोआप पुरं झालं होतं. मास्तर गाडीला टेकले.

"मी काय करणार होतो," ते म्हणाले. "एकच गाडी म्हणून मी... कुणी मला सांगितलं असतं तर..."

"सांगितलं होतं."

"कुणी?"

"मीच. ह्याच दारात. यांनी फोनवर मला बजावलं होतं, स्टेपनी दे, पण दादाला म्हणावं निघायच्या आधी एकदा लावून बघ. मी तुम्हाला म्हटलं, भाऊजी, एकदा लावून बघा. तुम्ही डिकी बंद केलीत आणि म्हणालात, 'मापाचं तू मला सांगणार? नजरेला दिसतंय, तेच आहे.'"

मास्तरांना आठवलं. शब्दन् शब्द आठवला. डिकीच्या पत्र्याचा आवाजसुद्धा आठवला. बारा वर्षं ही हकिकत त्यांनी शंभर जणांना सांगितली होती, आणि प्रत्येक वेळी ते एक वाक्य वगळून सांगितली होती, इतकी की शेवटी ते वाक्य त्यांच्याही आठवणीतून निखळलं होतं. पण हातांना आठवत होतं. नाहीतर त्या दिवसानंतर टेप कशाला हाती घेतली असती?

"हे त्यानं मला का नाही ऐकवलं? चार माणसांत माझी जिरवायची."

"तुमची नजर चुकली असं चारचौघांत सांगायचं? तुमच्या धंद्यात?" ती एवढंच म्हणाली.

थोड्या वेळाने तिने बाकीचं सांगितलं. आई गेल्यावर दोन महिने धाकटा भंगारवाल्यांकडे फिरत होता, तो कागद खिशात घेऊन. प्रत्येक चाकावर ठेवून बघायचा. शेवटी चार मिळाली, रंगवली, त्यांवर कोरी टायरं चढवून घेतली. "एक नको, चारही देतो," म्हणायचा, "म्हणजे दादाला पुन्हा कुणाची मागायला नको." दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पायपंप घेऊन बसायचा आणि चारही चाकांत हवा भरायचा, एका जागी बसून रबर चपटं होऊ नये म्हणून फळीवरच ती थोडी फिरवून ठेवायचा. गेला त्याच्या चार दिवस आधीही भरली होती.

"मग आणून का नाही दिली?"

"आणली होती." तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. "दोनदा. पहिल्यांदा तुमच्याकडे गिऱ्हाइकं होती म्हणून परत आले. दुसऱ्यांदा आले आणि म्हणाले, दादा दुकान बंद करून गेला होता."

ती दुपार मास्तरांना लख्ख आठवत होती. ही विसरायची सोय कधी झालीच नव्हती. रस्त्यापलीकडे करडी गाडी येऊन थांबली. आत धाकटा, हात स्टिअरिंगवर, मागच्या सीटवर काहीतरी गोलाकार झाकलेलं. तो उतरायच्या आत मास्तरांनी आतून शटर ओढलं. तासभर अंधारात, मशीनवर हात ठेवून बसून राहिले. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा त्यांना वाटलं होतं, चला, जिंकलो.

"दुकान बंद नव्हतं," ते म्हणाले. "मी आत होतो."

"माहीत आहे, भाऊजी. त्यांनी शटर खाली येताना पाहिलं होतं."

मास्तर रडले. भर गल्लीत, जॅकवर चढवलेल्या गाडीच्या कडेला, साठी उलटलेला माणूस लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. तिने त्यांना अडवलं नाही, समजूतही घातली नाही. आत जाऊन चहा ठेवला.

चहा पिताना तिने एक कबुली दिली. गाडी घेणाऱ्याने चाकं परत आणली हे खोटं होतं. तिने ती त्याला दिलीच नव्हती. "यांनी तुमच्यासाठी ठेवली आहेत म्हटलं असतं, तर तुम्ही आला असतात का?"

मास्तरांनी मान हलवली. नसते आले.

"म्हणून मग गाडी एकच ना, असं म्हटलं. म्हटलं, त्या शब्दांनी चिडून तरी याल."

एक चाक गाडीला लागलंच होतं, बाकीची तीन मागे घालून मास्तर थेट टायरवाल्याकडे गेले. ही चारही आजच गाडीला लावायची, इथून घरी जायचं ते ह्याच चाकांवर, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. टायरवाला पोटाने मोठा आणि तोंडाने त्याहून मोठा. त्याच्या दोन पँटी मास्तरांकडे ढिल्या करायला पडून होत्या.

"वा! रिम एकदम सरळ आहेत," तो एकेक चाक फिरवून बघत म्हणाला. "माप पण तुमच्या गाडीचंच. कुणी निवडली? माणूस जाणकार दिसतो."

"भावाने."

"चांगलं केलं. पण मास्तर, हे टायर चालायचं नाही." त्याने अंगठ्याने रबर दाबून वाकवलं. कुशीवर बारीक बारीक भेगा उघडल्या. मग टायरच्या कडेला एका लंबगोलात छापलेल्या चार आकड्यांवर बोट ठेवलं. "हे बघा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. बारा वर्षं झाली. कोरं आहे, एक किलोमीटर पळालेलं नाही, पण रबर नुसतं ठेवलं तरी म्हातारं होतं. भर रस्त्यात फाटेल. रिम ठेवा, टायरं काढून टाकू."

"चारही?"

"चारही. आणली तेव्हाच घातली असती ना, पाच-सहा वर्षं सुखात फिरला असतात." तो ज्या सहजतेने बोलला, त्याच सहजतेने कामाला लागला.

मास्तर स्टुलावर बसून बघत होते. बारा वर्षांपूर्वीचे ते चार आकडे त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते. टायर रिमवरून उतरवायचं तर आधी त्यातली हवा सोडावी लागते. टायरवाल्याने पहिल्या चाकाच्या तोंडातली पिन काढली. फुस्स करून हवा गेली. दुसऱ्याची गेली. तिसऱ्याची जात असताना मास्तरांच्या चेहऱ्यावर तिचा झोत आला, गार, रबराच्या वासाचा, आणि तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला की ही हवा कुणी भरली आहे. गेला त्याच्या चार दिवस आधी, गॅरेजच्या फळीशी उकिडवा बसून, पायपंपाने.

चौथ्या चाकाची पिन टायरवाल्याने सैल केली होती. मास्तर स्टुलावरून उठले ते सरळ खाली वाकले आणि त्यांनी त्या तोंडावर अंगठा दाबून धरला.

"अहो, काय करताय?"

"ही राहू दे. पिन लाव परत."

"स्टेपनी म्हणून ठेवणार? नका ठेवू हो. ऐन वेळी दगा देईल."

"गाडीत नाही ठेवणार."

टायरवाला तोंडाचा मोठा, पण माणसं बघितलेला. त्याने पिन आवळली, वर टोपण लावलं आणि काही विचारलं नाही.

ते चाक आता दुकानात कटिंगच्या टेबलाखाली असतं. आल्यागेल्याला ते नडतं, बायको म्हणते ही काय अडगळ, आणि मास्तर न ऐकल्यासारखं करतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शटर पूर्ण वर ढकलून ते खाली बसतात, चाक थोडं फिरवतात आणि अंगठ्याने दाबून बघतात. टोपण घट्ट असलं तरी हवा हळूहळू जातेच. ह्या वेळेला अंगठा मागच्या वेळेपेक्षा जास्त आत गेला. धाकट्याच्या बायकोने दिलेला पायपंप त्याच टेबलाखाली, हाताच्या अंतरावर आहे. पण त्यात आपली हवा भरायची मास्तरांची छाती होत नाही.